आगटे आणि मंडळी

सियागंजाच्या मागे, मालधक्क्याला लागून,
पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं:
आगटे आणि मंडळी, कोळशाचे व्यापारी.
लोक म्हणत, नावातच आगटी,
दुसरा धंदा करणार तरी काय हा माणूस.

माझे वडील काट्यावर बसत.
परासियाहून वॅगन लागली की
पहाटे तीनला आमच्या दारावर काठी वाजे.
बाहेर स्वतः मालक, मफलर, कॅनव्हासचे बूट.
"निरखे, चला. माल भिजून आलाय.
गिऱ्हाइकाला पाणी विकायचं नाही."
पाण्याचं वजन किती, ते त्यांचा तळहात ठरवी.
वडील म्हणत, काट्यापेक्षा तो हात खरा.
आई म्हणे, असेल,
पगार मात्र काट्याप्रमाणेच.

रामबागेतल्या शाळेची माझी फी,
टिपणीस मास्तरांच्या तीन मुलींची,
आणि त्या सुईणीच्या मुलाची, ज्याचं नाव आता कुणालाच धड आठवत नाही,
वहीत 'चुरा' या सदरात लिहिलेली असे.
चुरा म्हणजे चाळणीतून गळालेला कोळसा.
त्याचा हिशेब कुणी विचारत नाही.
त्या चुऱ्यावर मंडळाचं सभागृह उभं राहिलं,
वाचनालयाची चार कपाटं भरली.

संध्याकाळी तिथे येत, हात तीनदा धुऊन,
तरी पानांच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटेच.
कमतनूरकरबाई चिडायच्या,
नवी कादंबरी आली की आधी इतरांना देऊन टाकायच्या.
ते आपल्याच पैशांच्या पुस्तकासाठी
नंबर लावून थांबायचे.

आता राहिलेलं सांगते.

चाळणीवर झितरी होती, झाबुव्याकडची,
आणि तिच्याबरोबर सहा बायका.
मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या कधी आल्या नाहीत.
बोलावलंच नव्हतं.
नाटक असलं की सभागृहाच्या पायरीवर बसत.
आत आम्ही हसलो की बाहेर त्याही हसत,
शब्द न कळता.

एका हिवाळ्यात झितरी थुंकली ते काळं होतं,
मग काळ्यात लाल.
मालकांनी तिला टांग्यात घालून एमवायला नेलं.
डॉक्टरने विचारलं, ये आपकी कौन?
वडील सांगत, मालक बराच वेळ गप्प होते,
मग म्हणाले, "मंडळी."
डॉक्टरला मराठी येत नव्हतं.
त्याने कागदावर लिहिलं: मजदूर.

पुढच्या भगोऱ्याला झितरी नव्हती.

चाळणीवर मग पाण्याचा फवारा आला,
तोंडाला बांधायला मलमल आली.
बायकांच्या मुलांना शाळेत घ्यावं
असा ठराव मंडळापुढे मांडला त्यांनी.
सात विरुद्ध चार. पडला.
अध्यक्ष तेच होते.
राजीनामा दिला नाही.
याचा मला अजून राग येतो,
त्यांनीच भरलेल्या फीवर शिकून
आलेला राग.

दुसऱ्या दिवसापासून वखारीच्या ऑफिसात
चुना लावलेल्या भिंतीवर, कोळशाने,
ते अ आ इ काढू लागले.
अकरा मुलं. संध्याकाळी पाच ते सहा.
वाचनालयात यायला उशीर होऊ लागला.
कमतनूरकरबाईंना वाटलं, म्हातारा थकला.

मग गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले.
घरोघरी गॅस आला.
वखार विकली तेव्हा भिंतीवर ढ पर्यंत अक्षरं होती,
पुढची पुसून पुन्हा पुन्हा लिहिलेली.
ते गेले त्या वर्षी मी उज्जैनला होते. आले नाही.
यालाही कारण होतं,
आता ते पुरेसं वाटत नाही.

परवा मालधक्क्याकडून जाताना
पोह्यांच्या एका गाडीवर छपराला तो पत्रा दिसला,
मधोमध कापलेला.
आगटे भंगारात गेले असावेत.
'आणि मंडळी' एवढं उरलंय,
तेही उलटं.

गाडीवाल्याला विचारलं, हे काय लिहिलंय, माहीत आहे?
शेव भुरभुरत तो म्हणाला,
"पता नहीं दीदी. छाँव देता है."